फुजिकावा मारू, हेइआन मारू… चला, बुडी मारू!

माहीत आहे का, पॅसिफिक महासागरावर एक विमान आपल्या एसटीच्या लाल डब्यासारखं थांबे घेत जातं? होनोलुलूहून निघायचं आणि माजुरो, क्वाजालेन, कोस्राए, पोनपेई, चूक करत करत ग्वामला टेकायचं. नाव ‘आयलंड हॉपर’. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. त्यामुळे सोमवारी सकाळी विमानात बसलेला माणूस पहिल्याच थांब्यावर मंगळवारात उतरतो! क्वाजालेनला अमेरिकी लष्कराचा तळ आहे. तिथे परवानगी नसेल तर आपल्या सीटवर बसून राहायचं आणि फोटोबिटो काढायचे नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्याखाली जे आहे त्यासाठी! जगभरचे स्कुबा डायव्हर इथे येतात ते रंगीत प्रवाळ पाहायला आणि त्या प्रवाळात गुरफटलेली, दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जहाजं पाहायला. मासे पाहायला मास्क पुरतो. जहाज पाहायचं तर त्याची कुंडली माहीत हवी, नाहीतर दिसतं ते नुसतं गंजलेलं लोखंड. तेव्हा सिलिंडर पाठीवर चढवण्याआधी थोडी कुंडली मांडूया.

चूकला जाण्यात चूक नाही

चूक लगून, जुनं नाव ट्रुक. सुमारे २२५ किलोमीटर घेराच्या प्रवाळकड्याने वेढलेला हा अवाढव्य जलाशय म्हणजे महायुद्धात जपानी नौदलाचा पॅसिफिकमधला मोठा अड्डा. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवसांत अमेरिकी विमानांनी इथे हल्ला चढवला. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन हेलस्टोन’, म्हणजे गारपीट. चाळीसहून अधिक जहाजं बुडाली, अडीचशेहून अधिक विमानं नष्ट झाली.

आता खरी गंमत. हल्ल्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी अमेरिकी टेहळणी विमानं लगूनवरून उडून गेली. जपान्यांनी धोका ओळखला आणि मोठ्या युद्धनौका तिथून हलवल्या. मागे राहिली ती बहुतेक मालवाहू जहाजं. म्हणून आज डायव्हर खाली जातो तेव्हा त्याला तोफांपेक्षा जास्त दिसतो तो संसार: ट्रक, बुलडोझर, चिनीमातीच्या ताटल्या, साकेच्या बाटल्या, औषधांच्या कुप्या. एका सैन्याचं अख्खं किराणा दुकान समुद्रतळाशी मांडलेलं!

आणि हे इतकं शाबूत कसं? बाहेरच्या लाटांचा मार प्रवाळकडा अंगावर घेतो. आत पाणी संथ आणि उबदार, प्रवाळाला हवं तसं.

फुजिकावा मारू हे इथलं सर्वांत लाडकं जहाज. १९३८ सालचं, मित्सुबिशीच्या कारखान्यातलं. बुडालं तेही रुबाबात, तळावर अगदी सरळ बसलं. मालाच्या कोठारात ‘झीरो’ लढाऊ विमानांचे सांगाडे पडलेत. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, तोफ आहे ती १८९९ सालची. जहाजापेक्षा तोफ जवळपास चाळीस वर्षांनी थोरली! आतल्या वर्कशॉपमध्ये एक एअर कॉम्प्रेसर आहे. त्याचा चेहरामोहरा असा, की ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी त्याचं बारसं केलंय: ‘आर-टू-डी-टू’.

सॅन फ्रान्सिस्को मारू. टोपणनाव ‘मिलियन डॉलर रेक’. डेकवर रणगाडे, पोटात सुरुंग. पण डेकच मुळी हौशी स्कुबाच्या ४० मीटरच्या मर्यादेखाली. त्यामुळे ‘टेक्निकल डायव्हिंग’चं वेगळं शिक्षण नसेल तर हे मिलियन डॉलर दुरूनच साजरे.

शिंकोकू मारू हा तेलवाहू टँकर. पर्ल हार्बरवर हल्ला करायला निघालेल्या जपानी ताफ्याला भर समुद्रात इंधन पाजणाऱ्या जहाजांपैकी एक! आज त्याच्यावर मऊ प्रवाळाचा असा बहर आहे, की टॉर्च मारला की लाल, केशरी, जांभळा, पिवळा असे रंग एकदम पेटतात. आणि त्या सगळ्या बहराच्या आत, जहाजाच्या दवाखान्यात, ऑपरेशनचं टेबल अजून उभं आहे.

दोन बहिणी, दोन नशिबं

माहीत आहे का, चूकच्या तळाशी असलेल्या एका जहाजाची सख्खी बहीण आज योकोहामात पर्यटकांचं स्वागत करते?

हेइआन मारू आणि हिकावा मारू, दोघी १९३०च्या, एकाच नमुन्याच्या प्रवासी बोटी. दोघी जपान ते सिॲटल फेऱ्या मारायच्या. १९३२ मध्ये हिकावा मारूवरून कोण गेलं ठाऊक आहे? साक्षात चार्ली चॅप्लिन! मग युद्ध आलं. हिकावा झाली हॉस्पिटल शिप. हेइआन झाली पाणबुड्यांना रसद पुरवणारं जहाज. हिकावा वाचली आणि आज योकोहामाच्या यामाशिता पार्कच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभी आहे. हेइआन चूकमध्ये डाव्या कुशीवर निजली आहे, सुमारे १५५ मीटर लांबीचा देह, पोटात पाणतीर आणि पाणबुड्यांचे पेरिस्कोप.

माझा आग्रहाचा सल्ला: जमलं तर आधी योकोहामाचं तिकीट काढा. हिकावाच्या जिन्यांवरून, पॅसेजमधून कोरड्या पायांनी फिरून या. मग हेइआनवर उतरलात की कुठली भिंत खरी जमीन होती आणि कुठला जिना कुठे जायचा, हे चटकन उमगेल. आडव्या पडलेल्या जहाजात दिशा ओळखणं महाकठीण, तिथे हा गृहपाठ सोन्याच्या मोलाचा.

एक छोटी ‘बेंगाल’, दोन मोठे चोर

आता या सफरीतला सर्वांत भारी धागा. थेट आपल्या नौदलाशी जोडलेला!

आइकोकू मारू आणि होकोकू मारू. वरून व्यापारी जहाजं, आतून समुद्री लुटारू. प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर. जुलै १९४२ मध्ये या जोडगोळीने हिंदी महासागरात ‘हौराकी’ नावाचं न्यूझीलंडचं जहाज पकडलं. जपान्यांनी त्याचं नाव बदलून ठेवलं होकी मारू.

मग आला ११ नोव्हेंबर १९४२. याच जोडीसमोर पडली रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’. बेंगाल केवढी? सातशे-साडेसातशे टनांची सुरुंगशोधक नौका, कामाची तोफ एकच, तीही छोटी. सोबत ‘ओन्दिना’ हा डच टँकर, त्याच्यावरही एकच तोफ. पळून जायचं सोडून बेंगाल सरळ शत्रूवर चालून गेली! दोघींच्या माऱ्यात होकोकू मारू पेटली, तिच्यात स्फोट झाला आणि ती बुडाली. बेंगाल नि ओन्दिना, दोघीही नंतर बंदराला लागल्या. आइकोकू मारूने मात्र काढता पाय घेतला.

गेली कुठे? फिरत फिरत चूकला. १७ फेब्रुवारी १९४४ रोजी तिच्यावर हल्ला झाला तेव्हा पोटातला दारूगोळा असा उडाला, की पुढचा अर्धा भाग नाहीसाच झाला आणि हल्ला करणारं विमानही त्या स्फोटात सापडलं. उरलेला अर्धा भाग साठेक मीटर खोलीवर आहे. आणि पकडलेली होकी मारू? तीही त्याच हल्ल्यात, त्याच लगूनमध्ये बुडाली. तिच्या कोठारात आजही ट्रक ओळीने लावलेले दिसतात. चोर आणि चोरीचा माल, एकाच तळावर.

आपली बेंगाल? ती स्वातंत्र्यानंतरही भारतीय नौदलात सेवेत होती. पाठ्यपुस्तकात या लढाईला चार ओळी मिळायला हव्यात, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आइकोकू मारूबद्दल आणखी एक गोष्ट, आवाज जरा खाली आणून. तिच्यावर खच्चून सैनिक होते. चूकमधली अनेक जहाजं ही थडगी आहेत. तिथून काहीही उचलायला कायद्याने बंदी आहे, परवाना काढूनच उतरावं लागतं. ताटली दिसली तर बघा, फोटो काढा, जिथे आहे तिथेच राहू द्या.

रक्त हिरवं, आवाज चौफेर

थोडा ब्रेक. थोडं सायन्स!

३० मीटरवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या चौपट. म्हणजे तोच श्वास, पण सिलिंडर चौपट वेगाने रिकामा. खोल जहाजावर म्हणूनच मुक्काम छोटा असतो.

पाण्यात लाल रंग सर्वांत आधी गायब होतो. खोलवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं! टॉर्च लावा, लाल परत.

आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोन्ही कानांना तो जवळपास एकाच क्षणी मिळतो आणि मेंदूला कळतच नाही, आवाज करणारी होडी डावीकडे आहे की उजवीकडे.

खोल गेलं की नायट्रोजन चढतो. अक्षरशः! दारू न पिता झिंग येते, साधी बेरीज चुकते. उपाय सोपा: थोडं वर या, नशा उतरते.

आणि ही भन्नाट जुळणी बघा. आधुनिक स्कुबाचं यंत्र ‘ॲक्वालंग’ फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यॉं यांनी १९४३ मध्ये तयार केलं. पुढच्याच वर्षी चूकची जहाजं बुडाली. १९६९ मध्ये तेच कुस्तो कॅमेरा घेऊन चूकला उतरले, त्यांची फिल्म टीव्हीवर झळकली आणि जगाला या जागेचं वेड लागलं. पण जहाजं नेमकी कुठे आहेत हे कोणाला ठाऊक होतं? किमिओ आइसेक यांच्यासारख्या गावकऱ्यांना. किशोरवयात त्यांनी तो हल्ला किनाऱ्यावरून डोळ्यांनी पाहिला होता. १९७३ मध्ये त्यांनी चूकमध्ये डाइव्ह शॉप काढलं आणि आठवणीच्या नकाशावरून जहाजं शोधायला मदत केली.

एका हाताला पहिलं महायुद्ध, दुसऱ्या हाताला दुसरं

ग्वामच्या आप्रा बंदरात पाण्याखाली एक अशी जागा आहे, जिथे तुम्ही दोन्ही हात पसरले की एक हात पहिल्या महायुद्धातल्या जहाजावर आणि दुसरा दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजावर!

एक आहे जर्मनीचं ‘कॉर्मोरान’. ७ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेच्या हाती पडू नये म्हणून कप्तानाने स्वतःच ते बुडवलं. दुसरं तोकाई मारू, २७ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकी पाणबुडीने टिपलं आणि बरोब्बर कॉर्मोरानला टेकून बसलं. एवढं मोठं बंदर, पण जागा मिळाली ती शेजारचीच.

यातही आपला एक धागा आहे! कॉर्मोरान मूळचं रशियाचं जहाज, नाव रियाझान. ऑगस्ट १९१४ मध्ये ते पकडलं जर्मन ‘एम्डेन’ने. हो, तीच एम्डेन, जिने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या.

बिकिनी: कपडा नंतर, बॉम्ब आधी

माहीत आहे का, बिकिनी हे आधी एका प्रवाळद्वीपाचं नाव? १ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने तिथे अणुचाचणी केली, जगभर मथळे झळकले आणि ५ जुलैला पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी तेच नाव देऊन दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख बाजारात आणला. अवघ्या चार दिवसांत!

चाचणीसाठी लगूनमध्ये नव्वदहून अधिक जहाजं नांगरून ठेवली होती. त्यातली काही आज डायव्हरांची पंढरी आहेत. ‘साराटोगा’ ही विमानवाहू नौका २७० मीटर लांब, टायटॅनिकपेक्षा काकणभर मोठी. विमानवाहू नौकेच्या डेकवरून पोहायला मिळणं ही जगात फार थोड्या ठिकाणची चैन. शेजारी ‘नागातो’, पर्ल हार्बर हल्ल्याच्या वेळी अॅडमिरल यामामोतो यांची ध्वजनौका. ती उलटी पडली आहे, चारही पंखे वर.

जर्मनीची युद्धनौका ‘प्रिन्झ ऑयगेन’ बिकिनीतल्या १९४६ च्या दोन्ही अणुस्फोटांतून वाचली! मग तिला ओढत क्वाजालेनला नेलं, आणि तिथे डिसेंबर १९४६ मध्ये ती गपकन उलटली. तिचा मागचा भाग आजही पाण्याबाहेर डोकावतो. एक पंखा काढून जर्मनीत लाबो इथल्या नौदल स्मारकात ठेवला आहे.

१ मार्च १९५४ चा बिकिनीतलाच ‘ब्राव्हो’ स्फोट १५ मेगाटनांचा, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. त्याने प्रवाळात जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्या खड्ड्यात काय सापडलं होतं? प्रवाळ! काही ठिकाणी झाडासारखे फांद्या फुटलेले, आठ मीटरपर्यंत उंच. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की पूर्वीच्या २८ जाती तिथून बहुधा कायमच्या गेल्या आहेत.

आणि एक अजब नियम: बिकिनीत पोहायला हरकत नाही, नारळ मात्र खायचा नाही! मातीतलं किरणोत्सारी सीझियम माडाची मुळं शोषून घेतात आणि ते थेट खोबऱ्यात उतरतं. कोकणातल्या माणसाला हे ऐकून गलबलून येईल. ज्यांचे हे माड होते त्या १६७ बिकिनीवासीयांना १९४६ मध्ये ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून हलवलं. त्यांच्या लेकरा-नातवंडांना अजून कायमचं परत जाता आलेलं नाही. साराटोगाच्या डेकवर पोहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलंच पाहिजे.

बिऱ्हाड आलं राहायला

प्रवाळ म्हणजे दगड? झाड? दोन्ही नाही, प्राणी! कोट्यवधी चिमुकले प्राणी, पोटात शैवालाचे पेइंग गेस्ट ठेवणारे. शैवाल सूर्यप्रकाशावर जेवण बनवतं आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं मालकाला देतं. समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेत प्रवाळ, पण समुद्री जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती त्यांच्या आसऱ्याला.

पांढरीशुभ्र वाळू आवडते? मग पोपटमाशाचे आभार माना. तो प्रवाळ कुरतडतो, दळतो आणि मागच्या दाराने बारीक वाळू सोडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो!

‘फाइंडिंग निमो’ पाहिलाय? निमोची आई गेल्यावर खऱ्या समुद्रात बाबाच आई झाला असता. क्लाउनफिशमध्ये मादी गेली की मुख्य नर मादी होतो.

मग जहाज बुडालं की प्रवाळाची चांदीच? दर वेळी नाही. पॅसिफिकमधल्या पामायरा प्रवाळद्वीपावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज बुडालं. तिथल्या पाण्यात लोह मुळातच कमी. जहाज गंजून लोह सुटू लागलं आणि प्रवाळाचा एक आक्रमक भाऊबंद माजला, त्याने आजूबाजूचा प्रवाळ झाकून टाकला. शास्त्रज्ञ याला ‘ब्लॅक रीफ’ म्हणतात. चूकमध्ये वेगळीच चिंता आहे: ऐंशी वर्षं गंजत आलेल्या टाक्यांमधून तेल झिरपतं.

म्हणून मुद्दाम जहाज बुडवायचं तर आधी ते धुऊनपुसून, तेल काढून, धारदार भाग कापून मगच बुडवतात. माहीत आहे का, हा प्रयोग आपल्या सिंधुदुर्गात योजला आहे? नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ महाराष्ट्राकडे सोपवली गेली, निवती रॉकजवळ तिचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळकडा करण्यासाठी. आणि चूकची स्वप्नं पाहणाऱ्यांनी पहिला श्वास कुठे शिकायचा? तारकर्लीला! एमटीडीसीची स्कुबा संस्था तिथेच आहे.

पासपोर्टवर शपथ

पलाऊ देशात उतरलात की पासपोर्टवर शिक्का बसतो आणि त्याखाली तुम्हाला सही करावी लागते. मजकूर? तिथल्या मुलांना उद्देशून दिलेली शपथ, की तुमच्या बेटांचा निसर्ग मी बिघडवणार नाही. २०१७ पासूनचा हा नियम, असं करणारा पलाऊ जगात पहिला. शार्क अभयारण्य जाहीर करण्यातही पहिला, २००९ मध्ये. प्रवाळाला मारक सनस्क्रीनवर बंदी घालण्यातही पहिला, १ जानेवारी २०२० पासून. सगळा देश मुंबईच्या एका वॉर्डात मावेल इतक्या लोकांचा, पण रेकॉर्ड बघा!

पलाऊच्या जेलीफिश लेकमध्ये लाखो सोनेरी जेलीफिश सूर्यामागे धावतात. सकाळी पूर्वेकडे, दुपारी पश्चिमेकडे, रोज. त्यांच्याही अंगात शैवालाचे पेइंग गेस्ट, त्यांना ऊन हवं ना! डंख माणसाला जवळपास जाणवतच नाही. मात्र तिथे स्कुबाला बंदी, फक्त स्नॉर्कलिंग. कारण १५ मीटरखाली हायड्रोजन सल्फाइडचा विषारी थर आहे.

सफर संपत आली, आता विमान? थांबा! अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास उडायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन सतावतो. म्हणून सफरीचा शेवटचा मुक्काम याप बेटावर ठेवा आणि तो कोरडा दिवस जगातलं सर्वांत वजनदार चलन पाहण्यात घालवा. मध्ये भोक असलेल्या चुनखडीच्या चकत्या, सर्वांत मोठी साडेतीन मीटरहून रुंद, चार टन वजनाची! दगड यापचा नाहीच. पलाऊमध्ये खोदायचा आणि शेकडो किलोमीटर खुल्या समुद्रातून होडीने आणायचा.

अशीच एक भलीमोठी चकती वाटेत वादळात बुडाली. बरोबरच्यांनी गावात येऊन साक्ष दिली, की दगड उत्तम होता आणि मालकाचा त्यात काही दोष नव्हता. गावाने मान्य केलं. पिढ्या गेल्या, चकती कोणी पाहिली नाही, पण १९१० मध्ये विल्यम फर्नेस या अमेरिकी अभ्यासकाने हा किस्सा छापला तेव्हाही ते कुटुंब यापमध्ये श्रीमंत म्हणूनच गणलं जात होतं. समुद्रतळाशी बुडालेला पैसा, आणि तरी पत कायम!